कासवाच्या पेटीत पुन्हा पुन्हा बुरशी येतेय: ओलावा कमी करू की नको?

कवचवेडी | धागा सुरू

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. हात टेकलेत म्हणून काढतेय.

माझ्याकडे रेडफूट जातीचं जमिनीवर राहणारं पिल्लू आहे. सव्वा वर्षाचं असेल, कवचाची लांबी ९ सेंटीमीटर. लाकडी पेटी ४ फूट बाय २ फूट, वर जाळीचं झाकण, एका टोकाला उष्णतेचा दिवा. तळाला ८ सेंटीमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). सकाळ-संध्याकाळ स्प्रेने सगळीकडे पाणी मारते, कारण या जातीला दमट हवा लागते हे आणण्याआधीच वाचलं होतं.

अडचण अशी की मागच्या डाव्या कोपऱ्यात कापसासारखी पांढरी बुरशी येते. लपायला ठेवलेल्या लाकडी ओंडक्यावर राखाडी-हिरवे ठिपके आहेत, आणि मागच्या फळीवर काळे बारीक डाग. दोन महिन्यांत तीन वेळा सगळं कोकोपीट टाकून नवं भरलं. आठ-दहा दिवस बरे जातात आणि परत तेच.

जिथून पिल्लू आणलं तिथे विचारलं तर म्हणाले, पाणी बंद करा, पेटी कोरडी होऊ द्या. तीन आठवडे तसंच केलं. बुरशी गेली, पण आता खवल्यांचे मधले भाग किंचित वर आल्यासारखे वाटताहेत आणि खवल्यांच्या सांध्यांत फिकट पांढरट रेघा दिसतात. ही पण बुरशीच का? घाबरून परत पाणी मारायला लागले, आणि पाचव्या दिवशी कोपऱ्यात कापूस हजर.

म्हणजे ओलावा ठेवला तर बुरशी आणि काढला तर कवच बिघडतं. यातून वाट कशी काढायची?

रानवाट

धागा काढलात ते बरं केलंत. आधी थोडी माहिती द्या, म्हणजे आम्ही अंधारात तीर मारणार नाही.

१) आर्द्रता मोजता का? कशाने, आणि ते यंत्र पेटीत नेमकं कुठे आहे?
२) दिव्याखाली तापमान किती, थंड टोकाला किती, आणि रात्री किती?
३) मागचा कोपरा घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून आहे का?
४) कोकोपीट मुठीत दाबलं की काय होतं?
५) तळापर्यंत खणून वास घेतलाय का?

पाचवा प्रश्न सोडू नका. नाकाला जे कळतं ते बऱ्याचदा यंत्राला कळत नाही.

निवांत

माझं हर्मन जातीचं मोठं कासव आहे, बारा वर्षांचं. माती आणि वाळूचं मिश्रण, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, बुरशीचं नावही नाही. माझ्या मते तुम्ही पाणी फार मारताय. कोरडं ठेवा.

रानवाट

निवांत, तुमच्या हर्मनसाठी ते बरोबरच आहे. ती भूमध्य सागराच्या आसपासची जात, कोरडा उन्हाळा तिच्या अंगवळणी पडलेला. रेडफूट दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांच्या आणि त्यांना लागून असलेल्या गवताळ भागांच्या कडेचं. त्यातून हे पिल्लू आहे. याला ८० टक्क्यांच्या जवळपास हवा हवी.

आपल्याकडे सगळ्यांना एकच शब्द, कासव. त्यामुळे पाण्यातलं, जंगलातलं, वाळवंटातलं अशा सगळ्यांचे सल्ले एकाच पोत्यात भरले जातात आणि नवख्या माणसाची फसगत होते. सल्ला देताना आणि घेताना आधी जात आणि वय सांगायची सवय लावून घेऊ या.

निवांत

मान्य. मी जात नीट वाचलीच नाही. कवचवेडी, माझा सल्ला सोडून द्या.

कवचवेडी

उत्तरं देते.

काट्याचं गोल हायग्रोमीटर आहे, दिव्याच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंच. ते ६० दाखवतं. तिथेच तापमान ३३. थंड टोकाला मागच्या फळीवर आज थर्मामीटरचा प्रोब चिकटवून पाहिला, तर भर दुपारी २२! मला वाटलं होतं २६ तरी असेल. रात्री दिवा बंद असतो, तेव्हा त्याहून खाली जात असणार. हो, मागची बाजू बाहेरच्या भिंतीला टेकलेली आहे.

वरचं कोकोपीट मुठीत दाबलं की पाण्याचे थेंब पडतात. तळाचं मात्र, आश्चर्य म्हणजे, कोरडं भुकटीसारखं आहे. फक्त मागच्या कोपऱ्यात तळापर्यंत चिखल, आणि तिथे कुजका वास आहे.

मृद्गंध

कवचवेडी, तुम्ही दिलेल्या आकड्यांतच तुमचं उत्तर आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील.

आर्द्रतेची टक्केवारी म्हणजे हवेत किती पाणी आहे हे नव्हे. त्या तापमानाला हवा जेवढी वाफ पेलू शकते त्याचा किती हिस्सा भरलाय, ते म्हणजे ही टक्केवारी. हवा गरम झाली की तिचं भांडं मोठं होतं, गार झाली की आकसतं. ३३ अंशाला एक घनमीटर हवा साधारण ३५ ग्रॅम वाफ पेलते. तुमचं यंत्र तिथे ६० टक्के दाखवतंय, म्हणजे साधारण २१ ग्रॅम वाफ आहे. हीच हवा मागच्या २२ अंशाच्या फळीला जाऊन लागते. २२ अंशाला घनमीटरमध्ये १९ ग्रॅमच्या आसपासच मावते. उरलेलं पाणी जाणार कुठे? फळीवर दव धरतं, ओघळून कोपऱ्यात उतरतं, तिथेच मुरतं.

तुम्ही रोज दोनदा पाणी मारताय आणि पेटी ते गोळा करून त्या एका कोपऱ्यात नेऊन ओततेय. बुरशीला आणखी काय हवं? ओला पृष्ठभाग, खायला लाकूड आणि काथ्या, वर साचलेली हवा.

म्हणून ओलावा आणि बुरशी यांना एकच समजू नका. दमट हवेत वरचा थर सुकलेला आणि भिंती उबदार असतील तर बुरशी फार फोफावत नाही. उलट हवा कोरडी असूनही एखादा गार कोपरा भिजलेला राहिला तर तिथे ती येणारच. तुमच्याकडे हवा गरजेपेक्षा कोरडी आहे आणि पृष्ठभाग गरजेपेक्षा ओले आहेत. व्हायला हवं याच्या नेमकं उलट.

कवचवेडी

हे तीनदा वाचलं. फळीवर सकाळी पाण्याचे थेंब दिसायचे, ते मला स्प्रेचेच वाटायचे!

मग स्प्रे बंदच करू? आणि हवा दमट कशी ठेवू?

मृद्गंध

स्प्रे जवळजवळ बंद करा. स्प्रेने वरचा बोटभर थर भिजतो, तासाभरात जाळीतून सगळी वाफ निघून जाते, आकडा चढतो आणि पडतो. तळ कोरडाच राहतो, ते तुम्ही पाहिलंच आहे.

मी असं करतो. थराची खोली १२ ते १५ सेंटीमीटर. खाली कोकोपीट, वर दोन-तीन बोटं झाडाच्या सालीचे तुकडे. पाणी वरून शिंपडायचं नाही. कोपऱ्यात सालीचे तुकडे बाजूला करून तांब्याने सावकाश खाली सोडायचं, प्रत्येक वेळी कोपरा बदलून. ते तळाशी पसरतं, थर उबदार असेल तर हळूहळू वाफ होऊन वर येतं. कासव चालतं ते सालीच्या सुक्या थरावर, आणि हवा खालच्या ओलीतून दमट राहते. तुमच्या पेटीला सुरुवातीला आठवड्याला दीड-दोन लिटर पुरावं, पण आकड्यावर जाऊ नका. खालचं कोकोपीट मुठीत दाबलं की गोळा व्हायला हवा आणि थेंब पडायला नको. एवढं साधलं की पाणी बरोबर.

साल निवडताना देवदारासारखं उग्र वासाचं लाकूड नको, त्यातली तेलं श्वासाला त्रास देतात.

दुसरं म्हणजे झाकण. सगळी जाळी उघडी असेल तर गरम दमट हवा धुराड्यातून जावी तशी वर निघून जाते. जाळीचा तीन-चतुर्थांश भाग काचेने किंवा जाड प्लास्टिकच्या पत्र्याने झाका. दिव्याजवळचा भाग सोडा, वितळायला नको.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: रात्रीची ऊब. प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर घ्या आणि थर्मोस्टॅट लावा, म्हणजे रात्री २४-२५ च्या खाली जाणार नाही. ओलं आणि उबदार या कासवाला मानवतं. ओलं आणि गार हे मात्र त्याच्यासाठी वाईटात वाईट.

काठावर

मृद्गंध यांच्या मुद्द्यात भर. ओल्या जागी वीज आहे हे कुणी विसरू नये. वायर पेटीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत न जाता झोळातूनच गळेल. त्या सॉकेटला गळती झाल्यावर तत्काळ वीज तोडणारा स्विच असलाच पाहिजे. हीटरला जाळीचा पिंजराही हवा.

पशुवैद्य_एक

मी प्राण्यांवर उपचार करते, सरपटणाऱ्या प्राण्यांवर बराच काळ. इथे निदान करणार नाही, कासव प्रत्यक्ष न बघता ते करूही नये. पण काय बघायचं ते सांगते.

सांध्यांतल्या फिकट रेघा दोन्ही बाजूंना सारख्या, सरळ, कोरड्या आणि टणक असतील तर ती बहुधा नवी वाढ आहे. खवला कडेने वाढतो आणि नवी वाढ फिकट रंगाची असते. हे पाहून घाबरणारे पुष्कळ लोक माझ्याकडे येतात, आणि त्यांना घरी पाठवताना मलाही बरं वाटतं.

काळजीची लक्षणं वेगळी. एखादाच डाग, आकाराला वेडावाकडा. नखाने हलकेच दाबल्यावर मऊ लागणं. खवल्याची कड सुटणं, खाली ओल, खड्डा, दुर्गंधी. पोटाकडची बाजू आधी बघा, ओल्या थराला तीच चिकटून असते आणि तीच बघायची राहून जाते. असं काही दिसलं तर घरचं तेल, मलम, माणसांचं बुरशीचं औषध काहीही न लावता सरळ दवाखाना.

श्वासाचंही सांगते. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू) नसतं. त्यामुळे छातीत जमलेला कफ ते आपल्यासारखं जोराने खोकून बाहेर टाकू शकत नाही. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास, मान ताणून डोकं वर धरणं, श्वासाचा शिटीसारखा आवाज, खाणं कमी होणं: यांतलं एकही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. गार आणि ओल्या पेटीतल्या पिल्लांत हे मी वारंवार पाहते.

दर आठवड्याला एकाच वेळी वजन करून वहीत लिहा. आजार डोळ्यांना दिसण्याआधी बऱ्याचदा वजनात दिसतो.

कवचवेडी

मनापासून आभार. रेघा कोरड्या, टणक आणि दोन्हीकडे सारख्या आहेत. पोटाकडची बाजूही बघितली, डाग नाही, वास नाही. तरी या आठवड्यात एकदा प्रत्यक्ष दाखवून आणते. पण उंचवट्यांचं काय? सगळीकडे वाचते की जास्त प्रथिनं दिली की पिरॅमिडिंग होतं, म्हणजे खवले असे उंच होतात. मी तसं काही देत नाही.

सालपाने

प्रथिनांवर खापर फोडायची पद्धत जुनी आहे. २००३ साली वीझनर आणि इबेन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतल्या सल्काटा जातीची ५० पिल्लं त्यांनी गट करून वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रथिनांच्या आहारावर पाच महिने वाढवली. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या कवचावर उंचवटे जास्त आले. आहारातल्या प्रथिनांचा परिणाम त्या मानाने किरकोळ निघाला. आणि सल्काटा म्हणजे सहाराच्या कडेने राहणारी जात! ती पिल्लं निसर्गात बराच वेळ बिळात, जमिनीखालच्या ओलाव्यात काढतात हे लक्षात घेतलं की यात नवल वाटत नाही.

तुमचे तीन कोरडे आठवडे एवढ्यातच थांबले ते बरं झालं. आलेला उंचवटा सपाट होत नाही, पण पुढची वाढ सपाट होऊ शकते. रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवता का? पाणी हनुवटीच्या खालीच हवं. पिल्लांना त्याचा फार उपयोग होतो, पाणी पितात, आणि बरीचशी घाण पेटीऐवजी त्या पाण्यातच होते. म्हणजे बुरशीचं खाद्यही कमी.

कवचवेडी

आठवड्यातून दोनदा बसवत होते. आजपासून रोज.

ओलीमाती

बुरशीबद्दल थोडं, कारण अजून तिच्याकडे कुणी वळलं नाही.

तुम्ही तीनदा सगळं कोकोपीट बदललंत, आणि दर वेळी आठ-दहा दिवसांत बुरशी परत आली. मला तर वाटतं बदलल्यामुळेच ती परत आली. बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात, हवेतही. नव्या कोकोपीटमध्ये त्यांना अडवायला दुसरं कुणी नसतं. मोकळी जागा, भरपूर खाद्य, तिथे आधी तीच पसरते. पुढे जिवाणू, इतर बुरश्या, बारीक किडे येतात आणि आपसांत तोल साधतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली पांढरी कापसासारखी बुरशी बऱ्याचदा आपोआप ओसरते. तुम्ही दर वेळी ओसरण्याआधीच पाटी पुसून टाकत होतात.

याचा अर्थ सगळी बुरशी चालवून घ्या असा नाही. साल-काथ्यावरचं पांढरं जाळं दिसलं तर चमचाभर भाग उचलून टाका, बाकी हाताने उलटसुलट करा, पुरे. शिळ्या खाण्यावरची किंवा विष्ठेवरची बुरशी दिसली तर तिथलं सगळं लगेच काढा, कासवाच्या तोंडी जाता कामा नये. फळीवरचे काळे डाग आणि ओंडक्यावरचे हिरवट ठिपके मात्र हटवायलाच हवेत, कारण ते लाकडात मुरलेले असतात आणि तिथून बीजाणू उडत राहतात.

तोल लवकर साधायचा तर स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड सोडा. स्प्रिंगटेल हे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे पांढरे जीव, बुरशी हेच त्यांचं खाणं. आयसोपॉड हे ओलीत राहणारे बारीक कवचधारी जीव, ते विष्ठा, सुकी पानं, उरलंसुरलं फस्त करतात. दोघांनाही थोडी ओल लागते, कोरड्या पेटीत टिकत नाहीत. रेडफूट चार-दोन आयसोपॉड खाईल, खाऊ दे. रानातून उचलून आणू नका, त्यांच्याबरोबर कीटकनाशक किंवा परजीवी येऊ शकतात.

वासाबद्दल रानवाट बोललेच. पहिल्या पावसानंतर जमिनीला येतो तो वास मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. पेटीला तसा वास आला की समजा खाली सगळं ठीक आहे. कुजक्या अंड्यासारखा आला तर तिथे हवा पोचत नाहीये, पाणी साचलंय. तो भाग काढून टाका आणि महिन्यातून एकदा सगळा थर तळापर्यंत हाताने सैल करा.

निवांत

एक विचारतो. माझं कोरड्यात राहतं खरं, पण वरचा धागा वाचून शंका आली. माझ्या कासवालाही ओल लागते का?

सालपाने

लागते, पण सगळ्या पेटीत नाही, निवडीपुरती. बाजूला भोक पाडलेला एक डबा घ्या, आत ओलं कोकोपीट भरा आणि गारव्याच्या बाजूला ठेवा. त्याला हवं तेव्हा ते आत जाईल. कोरड्या मुलखातली कासवंही बिळात जाऊन दमट हवा शोधतात, बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी ओलसर असते. बुरशी आलीच तर त्या डब्यापुरती, डबा धुतला की झालं.

एक खबरदारी. सुकं गवत देत असाल तर त्या डब्याजवळ ठेवू नका. ओल लागलेलं गवत फार लवकर बुरसतं, आणि तो बारीक धुरळा नाकात जाणं कासवाला आणि तुम्हालाही वाईट.

निवांत

आजच करतो.

काठावर

फळी साफ करण्याबद्दल. कासवाला आधी दुसऱ्या खोलीत हलवा. सुक्या बुरशीला झाडू किंवा ब्रश लावू नका, सगळे बीजाणू उडतील. आधी पाण्याचा फवारा मारून ती ओली करा, तोंडाला मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. प्लास्टिक, काच, टाइल आधी साबणाने धुवायचं, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी लावून दहा मिनिटं ठेवायचं, खळखळून धुवायचं आणि वास पूर्ण जाईपर्यंत वाळवायचं. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होतात.

कच्च्या लाकडावर मात्र ब्लीचचा उपयोग नाही. पाणी आत मुरतं, वरचा डाग फिका पडतो आणि आतली बुरशी जिवंत राहते. मी स्वतः दीड वर्ष एकाच फळीशी झटापट केली, शेवटी ती काढून पीव्हीसीची बसवली. ती झटापट तुम्ही करू नये अशी मनापासून इच्छा आहे. फळी बदला.

रानवाट

पेटी भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि मागच्या बाजूने बाहेरून थर्माकोलसारखा उष्णतारोधक पत्रा लावा. आतून नको, पिल्लू कुरतडेल. फळी उबदार राहिली की दवच धरणार नाही. २८ अंश आणि ८० टक्के अशा हवेत साधारण २४ अंशाच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. म्हणजे तुमची फळी २५ च्या वर राहिली की लढाई अर्धी जिंकलीत.

आणि त्या काट्याच्या हायग्रोमीटरवर विश्वास ठेवण्याआधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोडंसं पाणी घाला, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळता कामा नये. ते आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. यंत्र किती दाखवतंय ते बघा.

कवचवेडी | सहाव्या दिवशी

मिठाची परीक्षा झाली. माझा काटा ७५ ऐवजी ६४ वर! म्हणजे तेव्हाच्या ६० चे खरे ७०-७१ होते, आणि फळीवर मला वाटत होतं त्याहूनही जास्त दव धरत होतं. आता दोन डिजिटल घेतलेत. त्यांचीही परीक्षा घेतली, एक ७४ आणि एक ७६. दोन्हींचे प्रोब जमिनीपासून कासवाच्या पाठीइतक्या उंचीवर लावलेत.

डॉक्टरांकडे जाऊन आले. फुप्फुसं, कवच, सगळं ठीक. उंचवटे सुरुवातीच्या पायरीवर आहेत म्हणाले. खूप हलकं वाटलं.

मागची फळी काढली. पाठीमागून बघितली तर आतून पूर्ण काळी. काठावर, तुमचा सल्ला आला नसता तर मी ती घासत बसले असते.

एक प्रश्न: एक मैत्रीण म्हणते फॉगर लाव, एका बटणावर काम.

पशुवैद्य_एक

माझं मत विरोधात आहे. फॉगर वाफ सोडत नाही, पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब सोडतो. टाकीतल्या पाण्यात जे क्षार आणि जिवाणू असतील ते त्या थेंबांबरोबर थेट फुप्फुसांत जातात. टाकी रोज घासणारे लोक फार थोडे. त्यातून ते धुकं गार असतं आणि जमिनीवर बसतं, म्हणजे पुन्हा पृष्ठभाग ओला. उबदार थरातून सावकाश उठणारी वाफ कधीही चांगली.

मृद्गंध

पूर्ण सहमत. फॉगरऐवजी संगणकात असतो तसा छोटा पंखा झाकणाच्या आतल्या बाजूला मंद गतीने लावा. बाहेरची हवा आत ओढायची नाही, आतलीच फिरवायची. झोत कासवावर नको. साचलेली हवा हलली की कोपरे सुकतात आणि आर्द्रता मात्र फारशी उतरत नाही.

कवचवेडी | पाचव्या आठवड्यात

आकडे देते, पुढे कुणाला उपयोगी पडतील म्हणून.

दिव्याखाली ३२, मधे २८, मागच्या फळीवर दुपारी २६, पहाटे २५. पाठीच्या उंचीवर आर्द्रता दिवसा ७८ ते ८२, रात्री ८५. थर १३ सेंटीमीटर, वर साल. आठवड्याला दीड लिटर पाणी कोपऱ्यांतून. स्प्रे कपाटात गेला.

दुसऱ्या आठवड्यात पांढरं जाळं आलं होतं, हातभर जागेत. खरं सांगते, सगळं उपसून टाकायला हात शिवशिवत होते. ओलीमातींचा प्रतिसाद परत उघडून वाचला आणि नुसतं उलटसुलट केलं. चौथ्या आठवड्यात शोधूनही सापडेना. स्प्रिंगटेल सालीखाली शेकड्यांनी दिसतात. खाणं आता टाइलवर देते आणि संध्याकाळी उरलेलं उचलते.

चूक एक झाली. झाकण पहिल्यांदा पूर्ण बंद केलं होतं, तर दोन दिवसांत ९६ टक्के आणि आत कोंदट वास. मागे पट्टीएवढी फट ठेवल्यावर आकडा जागेवर आला.

वजन पाच आठवड्यांत १४ ग्रॅम वाढलं.

सालपाने

फार छान! हे आकडे वर मूळ धाग्यात पण टाकून ठेवा.

अवांतर, पण वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: जमिनीवरच्या कासवांच्या या कुळातल्या सगळ्या जाती साइटिस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) च्या परिशिष्टांत आहेत. आपल्याकडचं कासव कायद्याला धरून आलेलं आहे ना, हे आणण्याआधी बघा आणि कागद जपून ठेवा. रानातून उचललेलं कासव कितीही चांगल्या पेटीत ठेवलं तरी ते चूकच.

कवचवेडी | अकराव्या आठवड्यात

आज सकाळी सालीतून तीन पिवळ्या छत्र्या उगवल्या आहेत. लिंबासारखा पिवळा रंग, देठ बारीक. पेटीत एक कुंडीतलं रोप मातीसकट लावलं होतं, त्याच्याच बुडाशी. रेडफूट रानात अळंबी खातात असं वाचलंय. राहू देऊ का?

ओलीमाती

आत्ताच्या आत्ता उपटा, मुळाशी असलेल्या मूठभर मातीसकट. कुंडीतल्या मातीत लिंबासारखी पिवळी येणारी एक नेहमीची जात खाण्यात गेली तर विषारी असते. रानातली कासवं काय खातात ते खरं, पण आपण न ओळखलेली छत्री पिल्लाच्या पेटीत ठेवायची नाही. त्याने एखादी कुरतडलेली नाही ना, कडा नीट तपासा. पुढचे काही दिवस रोज सकाळी बघत राहा, पुन्हा उगवतील. उघडायच्या आत काढत गेलात की झालं.

कवचवेडी

उपटल्या. तिन्ही अखंड होत्या, कुठे चावा नाही. रोपही बाहेर काढलं, मुळं धुऊन पेटीतल्याच कोकोपीटमध्ये परत लावते. पिल्लू सालीखाली अर्धं गाडून झोपलंय, नाकाला थोडी माती लागली आहे.

नव्या वाढीच्या रेघा आज पट्टीने मोजल्या, दोन मिलिमीटर. बोट फिरवलं तर सपाट लागतात.